नाताळ आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा

डिसेंबर महिन्याची २५ तारीख म्हणजे नाताळ. ख्रिस्ती लोकांचा हा मोठा सण. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा हा दिवस ते मानतात.

नाताळ हा शब्द मूळचा पोर्तुगीज लोकांचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ जन्माचा सण. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांच्या बोलीतले पुष्कळ शब्द मराठीत येऊन बसले. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द तिकडचेच. आपण ते रोज बोलतो. ते परके आहेत असे कुणाच्या मनातही येत नाही.

आपल्या सातारा-सांगली भागात ख्रिस्ती घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. वानलेस नावाच्या डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेला मोठा दवाखाना सुरू केला. त्या दवाखान्याचे नाव आजही खेड्यापाड्यांत माहीत आहे. साताऱ्याशी कवी नारायण वामन टिळक यांचे नाव जोडलेले आहे. ते जन्माने ब्राह्मण. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. १९१७ साली त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. देवाची भक्ती आपल्याच चालीने करावी, अभंग म्हणावेत, कीर्तन करावे, असे त्यांचे मत होते. म्हणून आपल्याकडच्या देवळांत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या देवळांत, पेटी, तबला आणि टाळ यांवर भजने होतात. नाताळच्या आधी मंडळी रात्री घरोघर गात फिरतात. ज्याच्या दारी जातील तो चहा देतो.

नाताळची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटावी अशीच आहे. राजाने हुकूम काढला की खानेसुमारी करायची. ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे. योसेफ आणि मरिया बेथलेहेम गावी गेले. मरियेचे दिवस भरले होते. उतरायला जागा मिळाली नाही. तिथेच मूल झाले. तिने त्याला कपड्यात गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले. ही बातमी पहिल्यांदा कुणाला कळली? सरदारांना नाही, सावकारांना नाही. रात्री रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना कळली.

आता आमच्या माहितीतल्या एका घराची हकीकत सांगतो. घर मिरजेच्या बाजूचे. नवरा ख्रिस्ती, त्याचे आईबाप वाई तालुक्यात राहतात. बायको जत भागातल्या धनगराची लेक. लग्न दोघांनी आपल्या मनाने केले. त्यामुळे मुलीच्या माहेरच्यांनी सात वर्षे त्या घरात पाऊल टाकले नव्हते. लेक माहेरी जाऊन येई, पण जावयाच्या घरचे पाणी तिकडच्यांनी घेतले नव्हते. दोन मुले झाली. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा. थोरलीने एकदा विचारले, "आई, जतची आजी आपल्याकडं का येत न्हाई?" आईला उत्तर देता आले नाही.

२०२४ च्या नाताळला लेकीने धीर करून दोन्हीकडच्यांना बोलावले. तिची आई फोनवर म्हणाली, "यायचं मनात हाय गं, पण मार्गशीर्ष चाललाय. मी महिनाभर मटण शिवत न्हाई. आन् सव्वीसला शेवटचा गुरुवार. तुमच्याकडं तर सणाला मटणच असणार."

हे ऐकून सासूबाईंनी फोन आपल्या हातात घेतला. "विहीणबाई, तुम्ही या. त्या दिवशी आमच्या घरात पुरणपोळी हुईल. दुसरं काय बी शिजणार न्हाई."

सासरेबुवांना ते रुचले नाही. नाताळला मटण नाही म्हणजे सण कसला, असे ते दोन दिवस कुरकुरत होते. शेवटी ठरले की मटण रविवारी, म्हणजे एकोणतीस तारखेला करायचे. आम्हांला विचाराल तर सणाचे जेवण चार दिवस पुढे गेल्याने काही बिघडत नाही. सात वर्षे न आलेला माणूस येतो आहे, हे मोठे.

चोवीस तारखेला दुपारी जतचे पाहुणे एसटीने आले. म्हातारे दारातच थांबले. पागोटे सारखे करीत उभे राहिले. व्याह्यांनी पुढे होऊन राम राम केला, हात धरून आत आणले. पण मग बोलणे सुचेना. दोन्ही म्हातारे भिंतीला टेकून बसले. एक दाराकडे बघतो, एक छताकडे.

मुले अंगणात गव्हाण मांडत होती. खोक्याला कडबा लावला होता. मातीची मेंढरे केली होती. बाहुलीचा बाळ येशू केला होता. धाकट्याने एक मेंढरू नेऊन जतच्या आजोबांच्या हातात दिले. म्हाताऱ्याने ते फिरवून पाहिले आणि हसला. "आरं, ह्येला शेपूट लांब लावलंस. ह्ये तर कुत्रं झालं."

तो उठून अंगणात गेला. मुलांबरोबर उकिडवा बसला. मेंढरे कशी एकमेकांना चिकटून बसतात ते त्याने मांडून दाखवले. दिवाळी झाली की आपण मेंढरे घेऊन कसे चाऱ्याला बाहेर पडायचो ते सांगितले. रात्री भोवती जाळीची वाघर लावायची, कुत्री सोडायची, शेकोटी पेटवायची. लांडगा आला तर कुत्र्याचा आवाज कसा बदलतो तेही त्याने तोंडाने काढून दाखवले. गारठ्यात मेंढी व्याली तर कोकरू घोंगड्यात घ्यायचे, नाहीतर सकाळपर्यंत टिकत नाही. हे ऐकल्यावर थोरली पळत घरात गेली. घोंगड्याचा तुकडा आणून तिने बाहुलीवर घातला.

वाईचे आजोबा दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "पावणं, मी साठ वरसं ह्यी गोष्ट ऐकतोय, पण वाघर मला ठाऊक नव्हती."

रात्री सासूबाईंनी बायबल काढले आणि मेंढपाळांचा भाग वाचला. त्या चाळिशी ओलांडल्यावर वाचायला शिकल्या. सावकाश वाचतात, बोट ठेवून वाचतात. जतच्या आजीला अक्षरओळख नाही. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. पंचवीसला सकाळी ख्रिस्ती मंडळी देवळात गेली. जतचे दोघे घरीच राहिले, आणि त्यांना कुणी आग्रह केला नाही. दुपारी सगळ्यांनी एका पंक्तीला पुरणपोळी खाल्ली.

असे प्रश्न आजचे नाहीत. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आकाश कोसळले. त्या काही वर्षे नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पुन्हा संसारात आल्या, आणि १९०० साली आपल्या मनाने ख्रिस्ती झाल्या. लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहितावाचता येत नव्हते. टिळकांनी त्यांना शिकवले. त्याच बाईंनी उतारवयात 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक लिहिले. नवऱ्याने अर्धवट ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्यही त्यांनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' तुम्ही जरूर मिळवून वाचा. भाषा घरात बोलतात तशी आहे, आणि वाचताना पुष्कळदा हसू येते.

आता खर्चाचे थोडे. लाल डगल्यातला म्हातारा आणि सजवलेले झाड या गोष्टी बाहेरच्या मुलखातून आल्या. मुलांना त्यांची गंमत वाटते, वाटू द्या. पण त्यासाठी उधारी करू नका. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि पिठाची खळ असली की दारावरची चांदणी घरी होते. आजोबांना कामट्या बांधायला द्या. आत मेणबत्ती ठेवू नका. कागद पेटायला वेळ लागत नाही. बारका विजेचा दिवा बरा. फराळ दिवाळीसारखाच, करंज्या आणि शंकरपाळ्या. लहान मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका. ते घशात अडकून जीव जाऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांना साखरेचा आजार असेल तर गोड बेतानेच वाढा. आणि गावाहून निघताना रोजची औषधे बरोबर घ्या म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.

म्हाताऱ्यांना गाडीभाड्याची चिंता असते. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना फुकट प्रवासाची सवलत २०२२ साली मिळाली. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. वयाचा दाखला म्हणून आधारकार्ड जवळ ठेवावे.

जतची मंडळी सव्वीसला पहाटेच्या गाडीने परत गेली. गुरुवारची पूजा घरी मांडायची होती. सासूबाईंनी बरोबर फराळाची पुडी दिली. थोरलीने एक मातीचे मेंढरू दिले, लांब शेपटाचे. विहीणबाई पायरी उतरताना म्हणाल्या, "आता यात्रेला तुम्ही समदी आमच्याकडं या."

वाईच्या आजोबांनी विचारले, "तवा तर मटण असंल नव्हं?"