आकाशातील अनोळखी प्रकाश : तपासाची शास्त्रीय रीत

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि लगतच्या मध्य प्रदेशातील असंख्य लोकांना आकाशातून एक तेजस्वी रेघ संथपणे सरकत जाताना दिसली. तिचे पुढे अनेक ठिपके झाले व ते ओळीने क्षितिजाकडे गेले. कोणी तो उल्कापात मानला, तर कोणास विमान कोसळत असल्याची शंका आली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. पुढे परिसरातील इतर ठिकाणीही धातूचे गोल सापडले. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. स्थानिक प्रशासनाने या वस्तू ताब्यात घेतल्या आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्यांची पाहणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘चँग झेंग ३ बी’ या रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच सुमारास पृथ्वीच्या वातावरणात परतत होता, आणि त्याचा मार्ग लोकांनी पाहिलेल्या रेघेशी जुळत होता, असे अंतराळातील वस्तूंच्या नोंदी ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी दाखवून दिले.

हा उलगडा होण्यास दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. प्रकाश नेमका कधी व कोणत्या दिशेने गेला, हे अनेक ठिकाणांहून कळले होते. आणि पडलेल्या वस्तू जपून ठेवल्या गेल्या होत्या. आकाशातील अनोळखी प्रकाशाचा उलगडा दूरच्या वेधशाळेत होत असला, तरी त्याचा पाया घटनास्थळी केलेल्या पहिल्या नोंदीतच असतो. जगातील शासकीय तपासांचा इतिहासही हेच सांगतो.

अमेरिकेतील बावीस वर्षे

१९४७ च्या जून महिन्यात अमेरिकेतील एका वैमानिकाने माउंट रेनिअर पर्वताजवळ वेगाने जाणाऱ्या नऊ वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि ‘उडत्या तबकड्यां’ची चर्चा देशभर पसरली. तो काळ शीतयुद्धाच्या आरंभाचा होता. या वस्तू परकीय शस्त्रे तर नव्हेत, या चिंतेने अमेरिकी हवाई दलाने चौकशी हाती घेतली. ‘साइन’, ‘ग्रज’ आणि १९५२ पासून ‘ब्लू बुक’ अशा नावांनी ही चौकशी १९६९ पर्यंत चालली. एकूण १२,६१८ नोंदी तपासण्यात आल्या. त्यांपैकी बहुसंख्य नोंदींच्या मुळाशी तारे, ग्रह, उल्का, विमाने, फुगे व कृत्रिम उपग्रह असल्याचे आढळले. ७०१ नोंदींचा उलगडा मात्र झाला नाही.

या चौकशीचे शास्त्रीय सल्लागार जे. ॲलन हायनेक हे खगोलशास्त्रज्ञ होते. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात शेकडो लोकांनी पाणथळ भागात हलणारे प्रकाश पाहिले. वृत्तपत्रांचा ससेमिरा सुरू झाला. तपास पुरता होण्यापूर्वीच, काही प्रकाश दलदलीतील वायूमुळे दिसले असावेत, असे हायनेक यांनी पत्रकार परिषदेत सांगितले. लोकांना ही आपली थट्टा वाटली. स्थानिक लोकप्रतिनिधी व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय चौकशीची मागणी केली. घाईने दिलेले स्पष्टीकरण शास्त्रीय असले तरी लोकांचा विश्वास गमावू शकते, हा त्या प्रसंगाचा बोध होय.

त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र अभ्यास झाला. या विषयाच्या अभ्यासातून विज्ञानात नवी भर पडलेली नाही, असा निष्कर्ष त्याच्या अहवालाने काढला आणि डिसेंबर १९६९ मध्ये ‘ब्लू बुक’ बंद करण्यात आले. पुढे अमेरिकेच्या नासा या संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने सप्टेंबर २०२३ मध्ये आपला अहवाल दिला. या घटनांमागे परग्रहावरील जीवसृष्टी असल्याचा पुरावा त्यास आढळला नाही. तथापि उपलब्ध माहितीचा दर्जाच निकृष्ट असल्याने अनेक घटनांविषयी ठाम निर्णय देता येत नाही, यावर त्याने भर दिला.

फ्रान्समधील वर्गवारी

फ्रान्सने १९७७ मध्ये आपल्या राष्ट्रीय अंतराळ संस्थेतच यासाठी एक लहान विभाग स्थापन केला. गावोगावच्या पोलीस ठाण्यांत नोंदविलेले जबाब या विभागाकडे येतात. तपासानंतर प्रत्येक घटना चारपैकी एका वर्गात घातली जाते : उलगडा झालेली, बहुधा उलगडा झालेली, अपुऱ्या माहितीमुळे निर्णय न झालेली, आणि पुरेशी माहिती असूनही उलगडा न झालेली. यातील शेवटच्या दोन वर्गांतील भेद फार महत्त्वाचा आहे. पुरेशी माहिती नसणे हा नोंदीतील दोष होय. तो आकाशातील चमत्कार नव्हे. ‘कारण समजले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘परग्रहावरील यान होते’ असा करणे जितके चुकीचे, तितकेच साक्षीदारास खोटे ठरविणेही चुकीचे.

सीमेवरील दोन वस्तू

भारतातील एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमधील सीमेवरच्या जवानांनी अज्ञात प्रकाशमान वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. ही परकीय टेहळणी याने असावीत, असा संशय होता. प्रश्न देशाच्या संरक्षणाचा असल्याने बंगळूर येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेण्यात आली. ताऱ्यांच्या संदर्भात या वस्तूंची गती तपासता त्या वस्तू म्हणजे गुरू आणि शुक्र हे ग्रह असल्याचे निष्पन्न झाले. जवानांनी चिकाटीने नोंदी ठेवल्या म्हणूनच हा निर्णय करता आला. विरळ हवेच्या उंच प्रदेशात तेजस्वी ग्रह विलक्षण जवळ भासतो, आणि प्रशिक्षित डोळाही त्यास फसू शकतो.

प्रकाश ओळखण्याच्या खुणा

प्रकाश किती वेळ दिसला, यावरून बरेच अनुमान करता येते. सामान्य उल्का सेकंद-दोन सेकंदांत विझते. मोठा अग्निगोलही काही सेकंदच टिकतो. परतणारे रॉकेट वा उपग्रह त्याहून संथ असतो, त्याचे तुकडे होतात आणि तो एखादे मिनिट किंवा अधिक काळ दिसतो. फिरता उपग्रह न लुकलुकता काही मिनिटांत आकाश ओलांडतो. त्यास स्वतःचा प्रकाश नसल्याने तो पृथ्वीच्या छायेत शिरताच आकाशाच्या मध्येच दिसेनासा होतो. २०१९ पासून ‘स्टारलिंक’चे उपग्रह एकाच वेळी अनेक सोडले जाऊ लागल्याने दिव्यांच्या माळेसारखी रांगही दिसते. विमान व ड्रोन यांचे दिवे बहुधा लाल, हिरवे व लुकलुकणारे असतात.

ग्रह-तारे तासन्‌तास दिसतात आणि रोज पुन्हा येतात. तारा दररोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. त्याच जागी, पण दर रात्री थोडा लवकर दिसणारा प्रकाश ताऱ्याचा किंवा ग्रहाचा असण्याचा संभव मोठा असतो.

अंतराविषयी मात्र डोळ्यावर विसंबू नये. वातावरणात जळणारी वस्तू बहुधा ऐंशी किलोमीटर वा अधिक उंचीवर असते आणि शेकडो किलोमीटरवरून दिसते. म्हणूनच प्रत्येक गावास ती आपल्याच शिवारापलीकडे पडल्यासारखी वाटते. दोन दूरच्या गावांतून दिशेची नेमकी नोंद झाल्यास नकाशावर दोन रेषा काढून तिचे खरे स्थान शोधता येते.

पहिली नोंद गावातच

अशा प्रसंगी ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व पोलीस पाटील यांना पुढील गोष्टी सहज करता येतील.

१. प्रकाश दिसल्याची वेळ मोबाइलच्या घड्याळावरून मिनिटासह लिहावी. ‘दिवेलागणीस’ एवढी नोंद पुरेशी नाही.

२. पाहणारा कोठे उभा होता, प्रकाश कोणत्या दिशेस उमटला व कोणत्या दिशेस मावळला, हे लिहावे.

३. उंची हाताने मोजावी. हात पुढे ताणून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे दहा अंश व्यापते. महाराष्ट्रातून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर साधारणतः दीड ते दोन मुठी दिसतो. शाळेत विद्यार्थ्यांकडून हा सराव करून घेता येईल.

४. प्रत्येक साक्षीदाराचे म्हणणे, इतरांशी चर्चा होण्यापूर्वी, वेगळे आणि त्याच्याच शब्दांत नोंदवावे. अर्थ लावण्याचे काम नंतरचे आहे.

५. छायाचित्रात झाड, घर वा डोंगर यांसारखी स्थिर खूण घ्यावी आणि मूळ चित्र न बदलता जतन करावे.

पडलेली वस्तू आणि कायदा

आकाशातून पडलेल्या वस्तूस हात लावू नये. काही याने व रॉकेटांत हायड्राझिनसारखे विषारी इंधन वापरलेले असते. लोकांना, विशेषतः मुलांना, दूर ठेवून पोलीस व तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे. तुकडे घरी नेणे किंवा भंगारात विकणे धोक्याचे तर आहेच. पण त्यामुळे पुरावाही नष्ट होतो.

या पुराव्यास आंतरराष्ट्रीय महत्त्व आहे. १९६८ च्या करारानुसार, ज्या देशात अशी वस्तू पडते त्याने ती सोडणाऱ्या देशास व संयुक्त राष्ट्रांस कळवावयाचे असते. १९७२ च्या करारानुसार, भूपृष्ठावर झालेल्या नुकसानीची जबाबदारी वस्तू सोडणाऱ्या देशावर असते. भारत या दोन्ही करारांत सामील आहे. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला. १९८१ मध्ये त्यापोटी तीस लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे सोव्हिएत संघाने मान्य केले. उद्या एखाद्या शेतकऱ्याचे घर वा गोठा अशा तुकड्याखाली सापडला, तर भरपाईचा दावा सरकार-सरकारांमध्ये चालेल. पण तो उभा राहील गावात झालेल्या पंचनाम्यावर आणि जपून ठेवलेल्या तुकड्यांवर.

वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक वृत्ती यांचा विकास करणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. आकाशात अनोळखी प्रकाश दिसताच अफवा उठते, तेव्हा या कर्तव्याची कसोटी लागते. कारण ठाऊक असेल तर ते पुराव्यासह सांगावे आणि ठाऊक नसेल तर तपास चालू असल्याचे स्पष्ट सांगावे. गावकऱ्यांच्या मनातील भीती अशा प्रामाणिक उत्तराने जितकी ओसरते, तितकी ती घाईच्या खुलाशाने ओसरत नाही.