आळशी वायूचा पहारा

चि. बाळ यास,


तू पाठवलेला फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. पाइपाच्या बाहेरच्या बाजूला तीन-चार पिनहोल आहेत. आत रूटवर, म्हणजे सांध्याच्या मुळाशी, काळे-करडे दाणे उठले आहेत, कढईत साखर जळल्यासारखे. तुमच्या शॉपमध्येही त्याला शुगरिंगच म्हणत असतील. खाली तू लिहिलं आहेस, ‘मामा, आर्गन पंचवीसवर ठेवला होता, तरी असं कसं?’ त्या ‘तरी’वर मला लिहायचं आहे. फोनवर हे सांगून होणार नाही, म्हणून पत्र.

साहेबांनी जॉब नाकारला याचं वाईट वाटू देऊ नकोस. तो पाइप औषधाच्या कारखान्यात जाणार आहे. त्या दाण्यांच्या खाचांत थेंब अडकतो, कितीही धुतलं तरी निघत नाही आणि तिथं जंतू घर करतात. शिवाय स्टेनलेसला गंजापासून वाचवणारं क्रोमियम त्या जागी जळून गेलेलं असतं, त्यामुळे गंजही तिथूनच धरतो. बाहेरून चांदीसारखा दिसणारा सांधा आतून असा असेल, तर तो सांधा झालाच नाही असं समज. साहेबांनी योग्य केलं.

आता आर्गनबद्दल. आयटीआयमध्ये तू आधी रॉडने वेल्डिंग शिकलास. रॉडवरचं कोटिंग जळतं, त्याचा धूर आणि स्लॅग वितळलेल्या धातूवर पांघरूण घालतात आणि हवा दूर ठेवतात. ते पांघरूण डोळ्यांना दिसतं, हातोडीने झाडताही येतं. टिगमध्ये, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने आर्क पेटवायच्या वेल्डिंगमध्ये, ते सिलिंडरमधून आणावं लागतं आणि ते दिसत नाही. तापलेला धातू हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखा ओढतो, दमट हवा असेल तर हायड्रोजनही. आर्गन कशातच भाग घेत नाही. तो नुसता तिथं उभा राहतो आणि दुसऱ्याला येऊ देत नाही. त्याचं नावच मुळी ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं.

हा आळशी वायू सापडला कसा, तेही ऐक. लॉर्ड रॅले हे इंग्लंडमधले शास्त्रज्ञ नायट्रोजनचं वजन करत होते. हवेतून काढलेल्या नायट्रोजनचं वजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरायचं आणि रासायनिक पदार्थांपासून बनवलेल्याचं १.२५०५. फरक साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या कुणी तो काट्याचा दोष म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी सोडला नाही. विल्यम रॅमसे यांच्यासोबत त्यांनी माग काढला आणि १८९४ साली त्या फरकातून आर्गन बाहेर आला. त्याआधी शंभरएक वर्षं, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांच्या नळीत काही केल्या न संपणारा एक बारीक बुडबुडा उरला होता. त्यांनी तो टिपून ठेवला, पण तो कशाचा ते त्या काळात कळणं शक्य नव्हतं. म्हणजे आर्गन आपल्या सगळ्यांच्या नाकासमोर होता. हवेच्या शंभर भागांत जवळजवळ एक भाग तोच आहे. हवा गार करून तिचा द्रव करतात आणि त्यातून तो वेगळा काढतात. तुझ्या सिलिंडरमधला आर्गन असाच आला आहे.

असाच दुसरा आळशी वायू म्हणजे हेलियम. शाळेच्या सहलीत विजयदुर्ग किल्ल्यावर तुम्हाला ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून हेलियम इथंच सापडला असं सांगितलं होतं, आठवतं? ते बरोबर नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ सूर्य पाहत होते ते गुंटूरहून. नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून सूर्याच्या प्रकाशातली एक पिवळी रेघ पाहिली आणि ती नव्या पदार्थाची, म्हणजे हेलियमची, असावी असं मांडलं. ते विजयदुर्गाला आले तीस वर्षांनी, जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. आपल्या किल्ल्याचा मान यात काही कमी होत नाही, पण खरं तेच सांगावं. आणि हा हेलियम आपल्या धंद्यातलाच. टिग वेल्डिंग पहिल्यांदा नावारूपाला आलं ते हेलियमवर. अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीतल्या रसेल मेरेडिथ यांना मॅग्नेशियम जोडायचं होतं. त्यांच्या पद्धतीचं पेटंट १९४२ चं, नाव हेलिआर्क. हेलियमचा आर्क जास्त तापतो, जाड ॲल्युमिनियम आणि तांब्याला तो आजही उपयोगी पडतो. पण तो हवेपेक्षा कितीतरी हलका, भुर्रकन वर निघून जातो, म्हणून दुपटी-तिपटीने सोडावा लागतो. आर्गन हवेच्या जवळजवळ १.४ पट जड. तो खाली बसतो, जॉबवर अंथरल्यासारखा पसरतो. हा जडपणा लक्षात ठेव, पुढे त्याबद्दल पुन्हा लिहिणार आहे.

तुझ्या पंचवीस लिटरकडे येतो. तुझ्या टॉर्चवर सहा नंबरचा सिरॅमिक कप आहे, फोटोत दिसतो. त्याला मिनिटाला सात ते दहा लिटर पुरे. विहिरीवरच्या पाटात पाणी हळू सोडलं की ते संथ, एकसंध वाहतं. मोटर पूर्ण सोडली की खळाळतं, भोवरे होतात, काडीकचरा ओढून आणतं. अरुंद कपातून पंचवीस लिटर सोडलास तर आर्गन असाच खळाळतो आणि बाजूची हवा आत ओढतो. तू पहारा वाढवायला गेलास आणि दार उघडं ठेवलंस. पिनहोल तिथून आले. खर्चही बघ. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर म्हणजे ७००० लिटर गॅस असतो. दहाने चालवलास तर साडेअकरा तास चालेल, पंचवीसने पावणेपाच तासही नाही.

फोटोच्या कोपऱ्यात पेडेस्टल फॅनही दिसतोय. उकाडा मला कळतो, पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी हयात काढली आहे. पण गालाला गार वाटणारी झुळूकसुद्धा ते पांघरूण उडवते. फॅन पाठीमागे वळव, मध्ये पडदा लाव. टॉर्चच्या मागच्या कॅपची ओ-रिंग पाहा, होजच्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहा. फटीतून गॅस नुसता बाहेर जात नाही, वाहत्या गॅससोबत हवा आतही येते. आर्क बंद झाला की टॉर्च लगेच उचलायची तुझी सवय आहे, दिवाळीत गेटची बिजागरी जोडताना पाहिली मी. गॅस अजून वाहत असतो तो तुझ्यासाठीच, डबकं थिजेपर्यंत आणि टंगस्टन निवेपर्यंत टॉर्च तिथंच धर. फिलरचं तापलेलं टोकही आर्गनच्या बाहेर काढू नकोस. निघालंच तर कापून टाक, काळं पडलेलं टोक पुन्हा डबक्यात घालू नकोस.

आता आतली बाजू. शुगरिंगचा कपातल्या गॅसशी काही संबंध नाही. पाठीमागून आर्गन नीट पोचला नाही, एवढंच. तू लिहिलंस की पर्ज, म्हणजे पाइपात आतून भरायचा आर्गन, ‘थोडा वेळ’ सोडला होता. थोडा म्हणजे किती? हिशेब कर. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर पाइपात जवळजवळ ८ लिटर हवा मावते. मिनिटाला ८ लिटर सोडलास तर एका मिनिटात फक्त तेवढाच आर्गन आत गेला. पण तो हवेत मिसळतही असतो, म्हणून आतली जागा आठ-दहा वेळा भरेल इतका तरी सोडायचा. म्हणजे आठ-दहा मिनिटं, घड्याळ लावून. आर्गन जड, म्हणून आत सोडायचा तो खालून, आणि हवा निघायचं भोक वर ठेवायचं. तू दोन्ही टोकांना टेप लावून भोक खाली पाडलं आहेस. त्यामुळे आर्गन खालून निघून गेला आणि हवा वर बसून राहिली. सांध्याच्या फटीवरही टेप लाव, जेवढं वेल्ड करायचं तेवढीच उघड. शेवटचा इंच राहिला की पर्ज कमी कर, नाहीतर आतला दाब वितळलेला धातू बाहेर ढकलतो. आणि रूट झाला म्हणून पर्ज बंद करू नकोस. रूटवरच्या पुढच्या थराची, हॉट पासची, उष्णता आतपर्यंत पोचते, तेव्हाही आत आर्गन हवा. ऑक्सिजन मोजायचं यंत्र शॉपमध्ये असेल तर मागून घे, लाजू नकोस. रंग वाचायला शीक. चांदीसारखा उत्तम, फिकट सोनेरी बहुतेक ठिकाणी चालतो. निळा, जांभळा, करडा आला की हवा शिरली.

शेजारच्या बेमध्ये सीओटू वेल्डिंग चालतं आणि ते लोक गॅस स्वस्तात वापरतात, असं तू म्हणालास. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. साध्या लोखंडाला कार्बन डायऑक्साइड चालतो, खोलही जातो. पण आर्कमध्ये तो फुटतो, ऑक्सिजन सुटतो, म्हणून त्यांच्या वायरमध्ये तो पकडायला सिलिकॉन आणि मँगनीज घातलेलं असतं. स्पॅटर नको असेल तर आर्गन मिसळतात; आर्गन ऐंशी टक्क्यांच्या वर गेला आणि करंट पुरेसा असला की धातू बारीक फवाऱ्यासारखा पडतो. तुझ्या टिगला मात्र शुद्ध आर्गनच. टंगस्टनला ऑक्सिजन लागला की ते जळालंच. सिलिंडरच्या रंगावर विसंबू नकोस, दर वेळी लेबल वाच.

बाळ, पुढचं मात्र बसून वाच. तुझ्या आईला हे मी कधी सांगितलेलं नाही.

माझ्या चाळिशीतली गोष्ट. दुधाच्या एका टाकीचं काम चाललं होतं. खाली आडवा मॅनहोल. जेवायची सुट्टी झाली, मी पर्जची लाइन चालूच ठेवून उठलो. परत येऊन पुन्हा दहा मिनिटं भरायचा वेळ वाचवायचा होता. माझा हेल्पर, वयाने तुझ्याएवढाच, जेवून आधी आला. आत राहिलेला ब्रश घ्यायला कमरेपर्यंत वाकून टाकीत शिरला. मी लांबून त्याचे पाय पाहिले. हलत नव्हते. धावत जाऊन दोघांनी पाय धरून ओढला. ओठ निळे पडले होते. दोन-तीन मिनिटांनी त्याने श्वास घेतला, आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, आणि तो वाचला. कमरेपर्यंतच आत होता म्हणून वाचला. संध्याकाळी मी त्याला विचारलं, काय वाटलं रे आत? तो म्हणाला, ‘काहीच नाही. ब्रशला हात लावला एवढंच आठवतं.’

त्या ‘काहीच नाही’ने मी कित्येक रात्री झोपलो नाही. पुढे वाचून समजलं. गुदमरल्याची जाणीव शरीराला होते ती रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की. ऑक्सिजन कमी झाल्याची तशी जाणीव होत नाही. आर्गनमध्ये श्वास चालूच राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, वास नाही, ठसका नाही, छातीत कोंडत नाही. एक-दोन श्वासांत माणूस खाली. आर्गन जड, म्हणून तो टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, मोठ्या पाइपाच्या पोटात साचून राहतो. चूक माझी होती. चालू लाइन सोडून मी जेवायला बसलो होतो.

म्हणून तुला हात जोडून सांगतो. रूट कसा आला ते बघायला पर्ज केलेल्या पाइपात डोकं घालू नकोस, आरसा किंवा कॅमेरा घाल. टाकीत जायचं तर पर्जची होज नुसती बंद नाही, जोडावरून काढून ठेव. ब्लोअरने हवा मार, मीटरने ऑक्सिजन मोज, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर पाय ठेवू नकोस. बाहेर एक माणूस उभा असलाच पाहिजे. आत कुणी पडला तर त्याच्या मागे उडी मारू नकोस. वाचवायला गेलेलेही तसेच पडतात. हवा ताजी करायला म्हणून ऑक्सिजनची होज कुणी आत सोडू लागलं तर त्याचा हात धर, ठिणगी पडली की अंगावरचे कपडे पेटतील. साहेब घाई करतील, लोक हसतील. हसू दे. नोकरी गेली तर माझ्याकडे ये, दोन घास मी घालीन.

सोबत एसटीच्या पार्सलने माझी जुनी तपासनळी पाठवतोय. कपाच्या तोंडावर उभी धरली की आतली गोळी वर जाते आणि खरोखर किती लिटर येतोय ते दाखवते. रेग्युलेटरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. काच नाजूक आहे, मफलरमध्ये गुंडाळली आहे. मफलर तुझ्या आईने विणलाय, तोही वापर.

नाकारलेला पाइप भंगारात टाकू देऊ नकोस. मागून घे, लांबीत कापून ठेव आणि पुढच्या सुट्टीत घेऊन ये. कुठल्या इंचाला आर्गन होता आणि कुठल्या इंचाला नव्हता, ते आपण अंगणात उजेडाला धरून पाहू.

तुझा,
मामा