डोळे नसलेल्या पेशीला वाट कशी सापडते?

अनवाणी चालताना तळव्यात बाभळीचा काटा मोडला, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, ठणकते आणि पुढे तेथे पू धरतो. पुवात बहुतांशी मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात, हे तुम्ही वाचले असेल. पण त्या तेथे आल्या कशा? रक्त तर साऱ्या शरीरातून फिरते. मग काटा उजव्या पायात असताना त्या डाव्या पायात का उतरत नाहीत?

या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. त्यांचा व्यास १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे सत्तरएक पेशी रांगेत मांडल्या तर कुठे एक मिलीमीटर भरेल. त्यांना डोळे नाहीत, नाक नाही. त्यांच्या पृष्ठभागावर ग्राही नावाचे रेणू मात्र असतात. विशिष्ट रसायन ग्राहीला चिकटले, की आत निरोप पोहोचतो.

काट्याबरोबर आत शिरलेले जंतू असे एक रसायन आपणहून सोडतात. जंतू प्रथिनांची साखळी गुंफताना पहिला मणी फॉर्मिल-मेथिओनिनचा घेतात; आपल्या पेशी साधे मेथिओनिन घेतात. या फॉर्मिलवाल्या आखूड साखळ्या पांढऱ्या पेशींना खेचतात, असे शिफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवले. दुखावलेल्या ऊतीही इंटरल्युकिन-८ सारखी रसायने सोडून हाकाटी करतात.

पण 'खेचतात' हे कशावरून? खेळाच्या तासाला मुले मैदानभर धावतात. त्यांतली काही कुंपणापलीकडे गेली, तर ती पलीकडच्या फुटाणेवाल्याकडे गेली, की नुसत्या धावण्याच्या भरात?

स्टीफन बॉयडन यांनी १९६२ साली एक साधी कुपी वापरली. तिचे दोन कप्पे. मध्ये बारीक छिद्रांची गाळणी. वर पेशी, खाली रसायन. काही वेळाने पेशी गाळणीतून खाली सरकलेल्या दिसत. मला स्वतःला या प्रयोगापेक्षा त्याची पुढची उलटतपासणी अधिक आवडते. झिगमंड आणि हिर्श यांनी १९७३ साली रसायन दोन्ही कप्प्यांत घालून पाहिले. कधी सारखे, कधी कमीजास्त. संहती दोन्हीकडे सारखी असतानाही पेशींची चुळबुळ वाढली. परंतु खालची संहती जास्त असली, तर नुसत्या चुळबुळीने जाव्यात त्याहून अधिक पेशी खाली गेल्या. म्हणजे पेशीला दिशा कळत होती! या दिशायुक्त हालचालीला रसायनानुचलन म्हणतात.

पुढे झिगमंड यांनी मोजले, की पेशीच्या दोन टोकांपाशी संहतीत जेमतेम १ टक्का फरक असला तरी तिला पुरतो. ज्या अंगाला अधिक ग्राही व्यापले जातात, तिकडे ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू भराभर जुळतात आणि पेशीचा पातळ पाय पुढे सरकतो. मागचे अंग आकसून ओढले जाते. वेग मिनिटाला साधारण १० मायक्रॉन. एक मिलीमीटर जायला किती वेळ लागेल, हे तुम्हीच काढा.

ही ओळखखूण कधी कधी फसवते. आपल्या पेशींतील तंतुकणिका फार प्राचीन काळी स्वतंत्र जिवाणू होत्या. त्या स्वतः बनवतात ती मोजकी प्रथिने अजूनही फॉर्मिल-मेथिओनिननेच सुरू होतात. एरवी ती पेशीच्या आत झाकलेली असतात. पण मोठ्या अपघातात स्नायू चिरडले गेले, की तंतुकणिका फुटतात आणि हा माल रक्तात मिसळतो. जखमी रुग्णांच्या रक्तात तो २०१० साली दाखवला गेला. न्यूट्रोफिलना वाटते, जंतू आले. प्रयोगातल्या उंदरांना नुसत्या तंतुकणिकांचा अर्क टोचला, तेव्हा एकही जंतू नसताना या पेशी चवताळल्या आणि उंदरांच्या फुप्फुसांना इजा झाली.