*मागचे टायर लवकर का झिजतात? नवीन जोडी घेण्याआधी जुनी जोडी वाचा*

🚜 *यंत्र सल्ला*



ऊस वाहतुकीचा हंगाम तोंडावर आलाय, रब्बीची नांगरटही चालू होईल. या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते, "दोन वर्षं झाली नाहीत आणि मागचे टायर गोटा झाले. टायरच हलका निघाला."

कधीकधी टायरमध्ये दोष असतो, नाही असं नाही. पण एकाच गावात, एकाच मापाचे, एकाच कंपनीचे टायर एकाकडे बरीच वर्षं टिकतात आणि दुसऱ्याकडे लवकर संपतात. मग फरक कुठं पडतो? बहुतेक वेळा तो हवा, वजन आणि चालवण्याच्या सवयीत असतो. कारण न शोधता नवीन जोडी टाकली, तर तीही त्याच वाटेनं जाणार.

*१) स्लिप: टायरचा सगळ्यात मोठा शत्रू*

चाक नुसतं लोळलं तर रबर फारसं झिजत नाही. चाक फिरतं पण ट्रॅक्टर तेवढा पुढं सरकत नाही, तेव्हा रबर मातीवर घासलं जातं. यालाच स्लिप म्हणतात. मुरमाड, दगडाच्या रानात तर स्लिप कानशीसारखं काम करते.

थोडी स्लिप लागतेच, त्याशिवाय ओढ मिळत नाही. नांगरट, कल्टिव्हेटर अशा ओढीच्या कामात साधारण ८ ते १५ टक्के स्लिप योग्य समजतात. त्याच्या वर गेली की टायर आणि डिझेल दोन्ही वाया.

*स्लिप घरच्या घरी मोजा:*

▪️ मागच्या टायरच्या बाजूला खडूनं एक ठळक रेघ मारा.
▪️ रानात अवजार वर उचलून, नेहमीच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवा. चाकाचे १० फेरे झाले की थांबा. किती मीटर अंतर गेलं ते टेपनं मोजा.
▪️ आता त्याच रानात, त्याच गिअरमध्ये, अवजार नेहमीच्या खोलीवर लावून पुन्हा १० फेरे. अंतर मोजा.

समजा मोकळं अंतर ४० मीटर आलं आणि नांगर लावून ३५ मीटर. म्हणजे ५ मीटर कमी. ५ भागिले ४० गुणिले १०० = १२.५ टक्के. ठीक आहे. पण नांगर लावून ३० मीटरच आलं, तर स्लिप २५ टक्के. म्हणजे जे काम ६ तासांत झालं असतं त्याला ७ तास लागतात. त्या जादा तासाचं डिझेल तर जातंच, वर टायरही घासतो.

*स्लिप जास्त आली तर:* आधी हवा तपासा. मग खोली किंवा अवजाराची रुंदी थोडी कमी करा, किंवा मागच्या चाकांवर वजन वाढवा. वाफसा नसताना रानात घाई करू नका. ओल्या रानात स्लिप होणारच.

*स्लिप ५ टक्क्यांच्याही खाली आली तर:* ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे. रान दबतं, डिझेल जास्त जातं. थोडं वजन काढा.

रोटाव्हेटरला हे गणित लागू नाही. त्याची पाती ट्रॅक्टरला पुढं ढकलतात, त्यामुळे तिथं स्लिप कमीच असते.

*२) टायरमधलं पाणी*

मागच्या टायरमध्ये पाणी भरतात ते वजनासाठी. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून पाणी व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच भरायचं, म्हणजे टायर साधारण ७५ टक्के भरतो. उरलेल्या जागेत हवा. टायर पाण्यानं गच्च भरला तर हवेची उशी उरत नाही, खड्ड्यात आदळला की सगळा मार टायरच्या बांधणीवर येतो.

दोन्ही चाकांत पाणी सारखंच हवं. पंक्चर काढताना एका टायरचं पाणी सोडलं आणि परत भरलंच नाही, असं पुष्कळदा होतं. मग हलकं चाक जास्त फिरतं आणि तोच टायर आधी झिजतो. पंक्चर काढून आणलं की पाण्याची चौकशी करा.

*३) वर्षभर एकच हवा: इथंच चुकतं*

शेतात टायर थोडा मऊ हवा, म्हणजे तो मातीवर पसरतो आणि पकड घेतो. रस्त्यावर ओझं ओढताना तो कडक हवा. बहुतेक ट्रॅक्टरच्या माहिती पुस्तिकेत शेतकामासाठी १२ ते १४ पीएसआयच्या आसपास आणि वाहतुकीसाठी त्याहून जास्त हवा दिलेली असते. तुमच्या ट्रॅक्टरचा आणि टायरच्या मापाचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा, अंदाजानं भरू नका.

रस्त्याची कडक हवा घेऊन रानात गेलात तर टायर कमी टेकतो आणि स्लिप वाढते. रानातली मऊ हवा घेऊन भरलेली ट्रॉली ओढली तर टायरची बाजू सारखी दबते, तापते, तिला चिरा पडतात. कधी टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्ह वर आणूनच मोजा.

*४) डांबरी रस्ता आणि ट्रॉली*

ट्रॅक्टरच्या टायरची उंच नक्षी मातीसाठी बनवलेली आहे. डांबरावर ती पूर्ण टेकत नाही, उंच गट्टूच तेवढे घासतात. त्यामुळे वाहतुकीत झीज होणारच. ती वाढवणाऱ्या सवयी मात्र आपल्या हातात आहेत:

▪️ *दोन चाकी ट्रॉलीत पुढच्या बाजूला जास्त माल.* ते ओझं हुकावर, म्हणजे थेट मागच्या टायरवर येतं. पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. हा टायरच्याच नाही, जिवाच्याही धोक्याचा प्रश्न आहे.
▪️ *ट्रॉलीला ब्रेक नसणं.* मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचं ओझं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरनीच थांबवायचं. प्रत्येक ब्रेकला रबर खरवडलं जातं. त्यात टायर गोटा झालेला असेल तर ओल्या रस्त्यावर, उतारावर गाडी थांबेल याचा भरवसा नाही.
▪️ *उतारावर न्यूट्रल.* कधीच नको. गिअरमध्ये उतरा, इंजिनलाही थोडं अडवू द्या.
▪️ *ब्रेकची दोन्ही पेडल सुटी.* शेतात वळायला एकच ब्रेक लागतो, पण रस्त्यावर दोन्ही पेडल कडीनं जोडलेलीच हवीत. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागतो, ट्रॅक्टर बाजूला ओढतो आणि तोच टायर झिजतो.
▪️ *डिफरन्शियल लॉक लावून वळणं.* वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं. लॉक असला की दोन्ही चाकं सारखीच फिरतात, म्हणजे एक टायर घासत वळतो. लॉक फक्त सरळ रेषेत, चाक रुतल्यावर वापरा आणि लगेच सोडा.
▪️ *फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर* असेल तर डांबरी रस्त्यावर पुढची ओढ बंद ठेवा. नाहीतर टायर, विशेषतः पुढचे, विनाकारण घासतात.

*५) जुना टायर वाचायचा कसा?*

👉 मधला भाग झिजला, कडा शाबूत: हवा जास्त.
👉 दोन्ही कडा झिजल्या, बाजूला चिरा: हवा कमी किंवा ओझं जास्त.
👉 एकच टायर जास्त झिजला: ब्रेक एका बाजूला धरतोय, किंवा पाणी-हवा असमान. साध्या (पलटी नसलेल्या) नांगराला उजवं चाक तासात चालतं, त्यावर ओझं जास्त येतं, म्हणून उजवा टायरही आधी जातो.
👉 प्रत्येक गट्टूची एक कड उतरती, दुसरी उंच: रस्त्यावरची ओढ आणि ब्रेक जास्त.
👉 गट्टूचे तुकडे निघालेत, चिरल्यासारखं दिसतंय: दगडावर स्लिप, किंवा तुरीची-कपाशीची धसकटं. काढणीनंतर धसकटं जमिनीलगत कापा, नाहीतर श्रेडर फिरवा, मगच ट्रॅक्टर घाला.

*६) नवीन टायर बसवताना*

टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघूनच बसवा. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहिलं की नक्षीचं टोक वर दिसलं पाहिजे. झीज सारखी करायला अख्खं चाक डावीकडून उजवीकडे लावलं तर नक्षी उलटी होते. तेव्हा टायर रिमवरून काढूनच बदलावा लागतो.

शक्यतो जोडीच बदला. एक नवा, एक गोटा असला तर चाकांचा घेर सारखा राहत नाही आणि डिफरन्शियलला सतत काम पडतं.

काम नसेल तेव्हा ट्रॅक्टर सावलीत ठेवा. टायरवर डिझेल, ऑइल सांडलं तर लगेच पुसा. त्यानं रबर खराब होतं.

✅ *या आठवड्याचं काम*

१. चारही टायरची हवा गेजवर तपासा, पुस्तिकेशी ताळा करा.
२. मोकळ्या जागेत, हळू वेगात, पेडल जोडून ब्रेक दाबा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर वाहतुकीला जाण्याआधी ब्रेक समायोजन करून घ्या.
३. नांगरट चालू झाली की १० फेऱ्यांची चाचणी करा. मोकळं अंतर, अवजार लावून अंतर आणि अवजाराचं नाव एवढं आपल्या गटप्रमुखांना पाठवा. स्लिप किती येते आणि काय बदलायचं ते आपण बैठकीत बघू.

आणि एक विनंती. मेसेज वाचतो मालक, पण पेडलवर पाय असतो ड्रायव्हरचा. हा मेसेज त्यालाही पाठवा, नाहीतर चहा घेता घेता वाचून दाखवा.

हंगाम सुखरूप जावो. 🙏

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, अवजार बँक विभाग