पूर, पैसा आणि बाबासाहेब : एक अभ्यासपाठ

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि एका रात्रीत नागपुरातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर इतिहासाच्या तासाला वैनगंगेकाठच्या गावाहून वसतिगृहात आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पुराविषयी बाबासाहेबांनी काही केले आहे काय?” प्रश्न साधा होता, परंतु त्याने आम्हांस अंतर्मुख केले. ज्यांच्यामुळे दीक्षाभूमीवर आपण ताठ मानेने उभे राहतो, त्यांच्या कार्याचा एक मोठा भाग आम्ही विद्यार्थ्यांपुढे नीट मांडलाच नव्हता. प्रस्तुत पाठ त्या उणिवेची भरपाई होय.

१. अर्थशास्त्राचा पाया

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यास प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. १८३३ च्या कायद्याने तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली, कारभार मात्र प्रांतांनी करावयाचा. खर्च करणारा एक आणि पैसा उभारणारा दुसरा, अशा व्यवस्थेत जबाबदारी कोणाचीच राहत नाही. १८७१ पासून हे संबंध टप्प्याटप्प्याने कसे बदलत गेले, याचे विवेचन त्यांनी या ग्रंथात केले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २८० ने वित्त आयोग निर्माण केला. केंद्राच्या करांतून राज्यांना किती वाटा मिळावा, याची शिफारस तो करतो; आपत्तीसाठीचा निधीही त्याच्या विचाराधीन असतो.

२. दामोदर खोरे

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीचा बांध फुटला. रेल्वे व रस्ते तुटले. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या परिषदेत त्यांनी निव्वळ बांध उंच करण्याऐवजी पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक यांची एकत्रित योजना पुढे ठेवली. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचा आदर्श त्यांच्यासमोर होता. त्याच वर्षी कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना, पाणी ही केवळ आपत्ती नसून संपत्ती आहे, हा विचार त्यांनी मांडला. १९४८ मध्ये कायद्याने दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा. मूळ आराखड्यात आठ धरणे होती; १९५९ पर्यंत त्यांपैकी चारच उभी राहिली आणि पुराचा धोका संपला नाही. धरणांखाली आदिवासींची गावेही गेली. आमच्या विदर्भात गोसीखुर्दच्या विस्थापितांनीही हेच दुःख भोगले. महापुरुषाच्या कार्याचा आदर म्हणजे त्यातील अपुरे प्रश्न झाकणे नव्हे. ते पुढे नेणे होय.

३. आजचे जग

बाबासाहेबांनी प्रांतांविषयी विचारलेला प्रश्न आज राष्ट्रांविषयी उभा आहे. हवामान बिघडवण्यात ज्या लहान देशांचा वाटा अत्यल्प, त्यांनाच वादळे आणि पूर प्रथम झोडपतात. पुनर्बांधणीसाठी ते कर्ज काढतात. व्याजात शाळांचा व दवाखान्यांचा पैसा जातो. पुढील वादळास ते अधिकच दुबळे होऊन सामोरे जातात. म्हणूनच बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मोटली यांनी २०२२ मध्ये, आपत्तीनंतर कर्जफेड काही काळ थांबावी, असा आग्रह धरला. त्याच वर्षी इजिप्तमधील परिषदेत हानी व नुकसान यांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरले. ओझे कोणावर आणि तिजोरी कोणाकडे, हाच मुद्दा तेथेही आहे.

४. आपल्यासाठी बोध

आमचे विद्यार्थी डॉक्टर व अभियंता होण्याचे स्वप्न पाहतात, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु धरण कोठे बांधावे, निधी कोणास द्यावा, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती आमची मुले किती असतात? तेथे पोहोचण्यासाठी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि लोकवित्त यांचा अभ्यास हवा. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पुरात ज्याचे घर बुडाले, त्या मुलाच्या हाती जर अर्थसंकल्प वाचण्याची विद्या आली, तर तो मदतीच्या रांगेत उभा न राहता मदतीचा नियम लिहील. ‘शिका’ या आदेशाचा हाही एक अर्थ आहे.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील मागील पुराची माहिती वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. नुकसान कोणाचे झाले, भरपाई कोणास मिळाली?
२. आपल्या ग्रामपंचायतीस पैसा कोठून येतो, ते शोधा.
३. केवळ बांध उंच करणे बाबासाहेबांना अपुरे का वाटले असावे? चर्चा करा.