यंत्राला साथीला घेताना

(द्वितीय वर्ष, कला)

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वरातीतला डीजे तरी उभा राहतो, नाहीतर ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला. विजेवर चालणारे वाद्य हे खऱ्या वाद्याची स्वस्त नक्कल होय, अशी आपली एक समजूत असते. या समजुतीला धक्का देणारा एक महोत्सव अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या गावी १९६१ पासून काही वर्षे भरत होता. त्याचे नाव ‘वन्स’, म्हणजे ‘एकदा’. तो पुन्हा भरेल याची भरवशाने कोणालाच खात्री नव्हती, म्हणून हे नाव. या महोत्सवाच्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आवाज यंत्रातून येत असेल, तर मैफलीत कलावंताचे काम काय उरते?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिफितीचा, म्हणजे टेपचा, प्रसार झाला आणि संगीतरचनाकारांच्या हाती एक नवीच वस्तू आली. आवाज साठवता येऊ लागला, फीत कापून जोडता येऊ लागली, उलटी फिरवता येऊ लागली. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी १९४८ साली, तर कोलोन येथील नभोवाणी केंद्राने १९५१ पासून या दिशेने काम सुरू केले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २८ ऑक्टोबर १९५२ रोजी ऑटो लुएनिंग व व्लादिमिर उसाचेव्हस्की यांच्या टेप-संगीताचा कार्यक्रम झाला. पुढे १९५९ साली कोलंबिया व प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांच्या संयुक्त केंद्रासाठी रॉकफेलर प्रतिष्ठानने १ लाख ७५ हजार डॉलर दिले. तेथे खोलीची एक भिंत व्यापणारे ध्वनिनिर्मितीचे यंत्र होते.

या संगीताची एक अडचण मात्र सुरुवातीपासून होती. रचना फितीवर पूर्ण झाली की ती पूर्णच झाली. मग रसिकांनी सभागृहात यावयाचे, दोन लाऊडस्पीकरांकडे तोंड करून बसावयाचे आणि फीत संपली की टाळ्या वाजवावयाच्या. पण टाळ्या कोणासाठी? समोर तर कोणीच नाही! फितीला सभागृह भरलेले आहे की रिकामे, याचा पत्ता नसतो. श्रोता कंटाळला, खुलला, उठून गेला, तरी ती त्याच वेगाने पुढे सरकते. ती ऐकवते, पण ऐकत नाही.

‘वन्स’ची मंडळी ज्या गावची, ते ॲन आर्बर मिशिगन राज्यात आहे. मोठे विद्यापीठ सोडले तर त्याची ख्याती न्यूयॉर्क किंवा पॅरिससारखी नव्हे. या गावी रॉबर्ट ॲश्ली आणि गॉर्डन मुम्मा या दोन तरुणांनी १९५८ साली एक ‘सहकारी इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओ’ काढला. नाव भारदस्त असले तरी स्टुडिओ म्हणजे दोघांच्या राहत्या घरातली जागा होती. भिंतीएवढे यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्यामुळे लागेल ते सर्किट स्वतः जोडावयाचे, असा खाक्या होता. ॲश्ली यांनी विद्यापीठात वाणी-संशोधनाचे, म्हणजे माणूस बोलतो कसा याच्या अभ्यासाचे, काम केले होते. मुम्मा यांचा भूकंपमापक यंत्रांच्या नोंदींशी संबंध आला होता. त्या नोंदींच्या आकृतिबंधांवरून त्यांनी पियानोसाठी ‘मोग्राफ’ नावाची एक रचनामालाच लिहिली. पोटापाण्याचे काम आणि कलेचे काम यांत त्यांनी भिंत घातली नाही, ही गोष्ट मला विशेष वाटते.

याच गावी मिल्टन कोहेन नावाचे कलाशिक्षक आपल्या जागेत प्रकाशाचे प्रयोग करीत. आरसे, लोलक, पडदे यांवर हलत्या प्रकाशाचे चित्र उमटे आणि त्याला साथ म्हणून ॲश्ली व मुम्मा तेथेच बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करीत. प्रकाश रोज थोडा निराळा पडणार, मग आधी भरून ठेवलेली फीत कशी पुरणार? प्रकाशाकडे पाहत, हाताने यंत्र चालवीत संगीत करणे भागच होते. मला वाटते, यंत्र प्रत्यक्ष ‘वाजवण्याची’ सवय त्यांना येथेच लागली. १९६४ साली हा प्रकाश-नाट्याचा प्रयोग व्हेनिसच्या जगप्रसिद्ध द्वैवार्षिक महोत्सवातही झाला.

१९६० च्या उन्हाळ्यात कॅनडातील स्ट्रॅटफर्ड येथे संगीतरचनाकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ॲन आर्बरची मंडळी ती पाहून परतली, ती आपल्या गावी आपणच महोत्सव करावा असा विचार घेऊन. ॲश्ली व मुम्मा यांच्यासह अभियांत्रिकी शिकलेले रॉजर रेनॉल्ड्स, जॉर्ज कॅचोप्पो आणि डोनाल्ड स्कॅवार्डा हे यात होते. विद्यापीठाचा हा उपक्रम नव्हता. गावातील एका नाट्यकला केंद्राने पाठबळ दिले. १९६१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गावच्या युनिटेरियन चर्चमध्ये चार मैफली झाल्या आणि ‘एकदा’ भरलेला महोत्सव पुढेही भरत राहिला. १९६५ साली तर मोटारी ठेवण्याच्या बहुमजली इमारतीच्या गच्चीवर कार्यक्रम झाले. जॉन केज यांच्यासारखा नामवंत रचनाकारही तेथे आला होता. संस्थेने दार उघडण्याची वाट पाहत ही माणसे बसली असती, तर गच्चीवर जाण्याची वेळच आली नसती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यासाठी ॲश्ली यांची १९६४ सालची ‘द वुल्फमन’ ही रचना पाहू. गावाकडे हरिनाम सप्ताहात माईक कर्ण्याच्या फार जवळ गेला की तो कर्कश शिट्टी मारतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. माईकने घेतलेला आवाज ॲम्प्लिफायरमध्ये मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि हे चक्र थांबतच नाही. यालाच फीडबॅक म्हणतात. लाऊडस्पीकरवाल्याचे सारे कौशल्य हा प्रकार टाळण्यात असते. ॲश्ली यांनी नेमके हेच चक्र वाद्य म्हणून वापरले.

गायक रंगमंचावर येतो. यंत्राचा आवाज इतका चढवलेला असतो की माईक मोकळा सोडला तर तो आपोआप ओरडेल. गायक आपले तोंड माईकच्या अगदी जवळ नेतो. आता त्याच्या तोंडाची पोकळी त्या चक्राचा एक भाग बनते. जीभ किंचित उचलली, ओठ थोडे मिटले, स्वर बदलला की शिट्टीचेही रूप बदलते. हे बदल सावकाश, एका श्वासात एकेक करावयाचे असतात. ऐकणाऱ्याला वाटते, हा माणूस जिवाच्या आकांताने किंचाळतो आहे. वस्तुतः तो अगदी हळू आवाज काढीत असतो, कारण जोराने गायले तर फीडबॅक झाकला जाईल. त्याला सतत कान देऊन राहावे लागते. शिट्टी कोठे चालली आहे, ती निसटू पाहते आहे का, हे ऐकूनच पुढचा सूर ठरतो. शिवाय प्रत्येक सभागृह वेगळे, त्याचा घुमारा वेगळा, त्यामुळे एका ठिकाणचा प्रयोग दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा होणे शक्य नाही.

दुसरे उदाहरण मुम्मा यांच्या ‘हॉर्नपाइप’चे. १९६७ सालच्या या रचनेत वादक फ्रेंच हॉर्न हे पितळी सुषिर वाद्य वाजवतो आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याला इलेक्ट्रॉनिक सर्किटांची एक पेटी असते. हॉर्नचा आवाज खोलीत घुमतो. तो घुमारा पेटी ऐकते आणि त्यामुळे तिच्या सर्किटांचा तोल ढळतो. मग ती स्वतःच तोल सावरू लागते आणि या सावरण्यातून तिचा स्वतःचा आवाज निघतो. वादक तो आवाज ऐकून पुढचे वाजवतो. म्हणजे खोली, पेटी आणि माणूस असा तिघांचा संवाद चालतो. मुम्मा अशा उपकरणांना ‘सायबरसॉनिक’ म्हणत.

या मंडळींच्या कामाची काही ध्वनिमुद्रणे मी वसतिगृहात मोबाईलवर ऐकली आणि सुट्टीत घरी अण्णांना ऐकवली. अण्णा म्हणजे माझे वडील. शाळा चौथीत सुटली, पण भजनी मंडळात पखवाज वाजवण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले आहे. ‘वुल्फमन’ सुरू होताच ते म्हणाले, “आरं, आधी त्यो माईक लांब धर म्हनावं त्याला!” मी त्यांना तोंडाची पोकळी, शिट्टी, श्वास हे सारे समजावून सांगितले. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “म्हंजी त्यो शिट्टीलाच साथीला घ्येतोय म्हन की.” मी वाचलेल्या कोणत्याही व्याख्येपेक्षा हे वाक्य मला अधिक नेमके वाटले. अण्णांना ते संगीत आवडले असे मी म्हणणार नाही; पुन्हा लाव असे ते म्हणाले नाहीत. पण तेथे कोणीतरी साथ करतो आहे, हे त्यांच्या कानाने ओळखले.

साथ म्हणजे काय, हे आपल्या परंपरेला निराळे सांगावे लागत नाही. गायकाने समेच्या अलीकडे एखादी जागा घेतली की तबलजी त्याच्याकडे पाहतो, क्षणभर वाट देतो आणि दोघे मिळून समेवर येतात. हा सारा व्यवहार ऐकण्याचा आहे. याउलट, आजकाल स्नेहसंमेलनात आपण गातो ते ‘ट्रॅक’वर. गाणारा अडखळला, भावनेने थांबला, तरी ट्रॅक थांबत नाही. तेथे सतार, तबला, बासरी सर्वांचे आवाज असतात, पण ऐकणारा साथीदार एकही नसतो. म्हणून वाद्य लाकडाचे की विजेचे, हा भेद मला आता महत्त्वाचा वाटत नाही. समोर बसलेला, किंवा कमरेला बांधलेला, आपले ऐकतो की नाही, हा खरा भेद होय.

या विषयाचा आपल्या देशाशीही धागा आहे. अहमदाबादच्या गीता साराभाई यांनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून दिला. मुम्मा हे १९६६ पासून मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेत डेव्हिड ट्यूडर यांचे सहकारी झाले. याच ट्यूडर यांनी १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर असलेला स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. त्या फिती पुढे कित्येक वर्षे संग्रहात पडून होत्या. निवडक रचनांचा संच २०२३ साली निघाला. फीत अशी श्रोत्याची वाट पाहत राहू शकते, हा तिचा मोठा गुण आहे आणि ‘वन्स’ महोत्सवाचेही ध्वनिमुद्रण झाले म्हणूनच मला हा लेख लिहिता आला. मैफलीचे मात्र तसे नसते. तिला तिचे श्रोते त्याच संध्याकाळी लागतात.

कोणी म्हणेल, ॲन आर्बरच्या तरुणांना विद्यापीठाचे गाव, प्रयोगशाळा, जाणकार श्रोते लाभले होते. आपल्याकडे काय आहे? आक्षेप खरा आहे. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्याला तर तो अधिकच पटतो. अनेक शब्द त्याला येथे प्रथमच भेटतात आणि ही कला आपल्यासाठी नसावी, असे मनात येते. परंतु पदार्थविज्ञान विभागात सोल्डरिंग करता येणारी मुले आहेत, गावोगावच्या मंडपांत फीडबॅकची नाडी ओळखणारे लाऊडस्पीकरवाले आहेत आणि पखवाजावर बसलेले, शाळा न पाहिलेले पण तयार कान आहेत. येत्या स्नेहसंमेलनात अर्धा तास या सर्वांना एकत्र बसवून पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. कार्यक्रम फसला तर फसेल. पण ट्रॅक लावलेल्या गाण्यात फसण्याचीही सोय नसते. आणि नाव काय द्यावे, हाही प्रश्न नाही. ‘एकदा’ पुरेसे आहे.