गोतावळ्याबाहेरचे श्रोते

प्रश्न : आम्ही इंदूरचे मराठी रंगकर्मी आणि चित्रकार मिळून ‘दिलखुलास गप्पा’ हा पॉडकास्ट चालवतो. ऐकणारे मात्र सगळे ओळखीचेच. श्रोते कसे वाढवायचे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ‘दिलखुलास गप्पा’ हे शीर्षक आधी काढा. परका माणूस गप्पांसाठी नव्हे, विषयासाठी थांबतो. आणि विषयांची तुम्हाला काय वानवा? इंदुरातच चित्रकलाशिक्षक देवळालीकरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे शिकले. हिंदी दैनिक ‘नईदुनिया’चे एकेकाळचे संपादक राहुल बारपुते मराठी. एका भागात एकच धागा घ्या. इंदूरच्या ‘सानंद’ संस्थेच्या मराठी नाटकांना येणारा प्रेक्षक तर तुमचा हक्काचा श्रोता. पूर्वपरवानगीने प्रयोगाच्या ठिकाणी क्यूआर कोड लावा, व्हॉट्सअॅपवर मिनिटभराचा तुकडा फिरवा.

आवाजाकडे दुर्लक्ष नको. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. पाहुण्याची ओळख तीन वाक्यांत उरका. सत्कार समारंभ नाही तो! नाट्यगीत इंटरनेटवरून उचलू नका, ध्वनिमुद्रणाचे हक्क असतात. ओळखीच्या पेटीवाल्याकडून नवी धून वाजवून घ्या.

बोलण्यातली इंदुरी हिंदी मात्र कापू नका. पुण्याचा श्रोता तिच्यासाठीच येईल.